फर्माईश नाकारणारा बँड

किंग क्रिम्झन या इंग्लिश रॉक बँडच्या 'रेड' या अल्बमची माझ्याकडची पहिली कॅसेट साठ मिनिटांची होती. पुण्यात हॉस्टेलवर राहत होतो तेव्हा एका सीनियरनं भरून दिलेली. एका बाजूला तीस मिनिटं. या अल्बममधली पहिली चार गाणी मिळून साडेसत्तावीस मिनिटं होतात आणि पाचवं, शेवटचं 'स्टारलेस' सव्वाबारा मिनिटांचं आहे. त्यामुळे व्हायचं असं, की 'स्टारलेस' सुरू झालं, मेलोट्रॉनचे, म्हणजे टेपवर भरून ठेवलेले सूर वाजवणाऱ्या कीबोर्डचे, लांब सूर पसरले, त्यावर गिटारची ती उदास धून येऊन गेली, गायक-बासवादक जॉन वेटननं पहिलं कडवं धरलं, की खट्ट! बाजू संपली. कॅसेट काढा, उलटी घाला, प्ले दाबा. मधले काही सेकंद भरतानाच गळाले होते, त्यामुळे दुसऱ्या बाजूला गाणं अर्ध्या ओळीतूनच सुरू व्हायचं.

सहा-सात वर्षांनी सीडी हातात आली. त्या जागी गाणं तुटलं नाही, सरळ पुढे गेलं, आणि मला काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. त्या 'खट्ट'सकट ते गाणं माझं झालं होतं.

हे मुद्दाम सांगतोय. आवडत्या बँडला लोक "रेकॉर्डवर आहे तसंच वाजवा" म्हणतात तेव्हा त्यांना काय हवं असतं, ते मला नीट ठाऊक आहे. गाण्याला आपलं तेव्हाचं वय चिकटलेलं असतं, ती खोली, तो टेप, ती माणसं चिकटलेली असतात. एक सूर इकडचा तिकडे झाला की ते सगळंच हलल्यासारखं वाटतं. तरीही माझं ठाम मत आहे, की ही फर्माईश कलावंतानं पुरवू नये. आणि हे मत मला ज्या बँडनं दिलं, तो म्हणजे ज्याची ती कॅसेट होती तो किंग क्रिम्झन. तीस वर्षं मी त्याचं संगीत ऐकतोय. त्यातलं सगळंच मला आवडत नाही, काही तर अजिबात आवडत नाही. पण जुन्या गाण्यांचं काय करायचं, या प्रश्नाचं इतकं प्रामाणिक उत्तर दुसऱ्या कोणत्या रॉक बँडनं दिल्याचं मला आठवत नाही.

१९६९ च्या जानेवारीत लंडनमधल्या एका कॅफेच्या तळघरात त्यांच्या तालमी सुरू झाल्या. जुलैत हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या मोफत कार्यक्रमात त्यांनी लाखोंच्या गर्दीपुढे वाजवलं. ऑक्टोबरात 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग' आला आणि इंग्लंडच्या अल्बमांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेला. डिसेंबरात बँड फुटला. अमेरिकेच्या दौऱ्यातच इयन मॅक्डोनाल्ड आणि मायकेल जाइल्स यांनी निघायचं ठरवलं. गिटारवादक रॉबर्ट फ्रिपनं सांगितलं, हवं तर मी जातो, तुम्ही राहा. ते राहिले नाहीत. काही महिन्यांत गायक ग्रेग लेकही गेला. पुढची पन्नास वर्षं माणसं येत-जात राहिली आणि फ्रिप एकटा शेवटपर्यंत टिकला.

पहिल्या अल्बमनंतर फ्रिपनं काय केलं? तुम्ही-आम्ही केलं असतं तेच. चाललेली गोष्ट पुन्हा करून पाहिली. १९७० चा दुसरा अल्बम पहिल्याच्या साच्यातच ओतलेला आहे. आधी आक्रमक गाणं, मग शांत गाणं, मग मेलोट्रॉनवरचं भव्य गाणं, क्रमसुद्धा जवळपास तोच. तेव्हाच्या चाहत्यांना हेच हवं होतं, आणि माझ्या कानाला हा त्यांचा सगळ्यात निर्जीव अल्बम वाटतो. वाजवणं उत्तम आहे, पण ऐकताना सतत वाटत राहतं की मूळ चीज घरी ठेवून तिचा ठसा बाहेर आणलाय. मागणीप्रमाणे पुरवठा केला की काय होतं, ते या बँडला पहिल्या वर्षातच कळलं आणि ती चूक त्यांनी पुन्हा जवळपास केली नाही. मधले दोन अल्बम, 'लिझर्ड' आणि 'आयलंड्स', चाचपडण्याचे आहेत. गीतकार पीटर सिनफिल्डचे शब्द इथे इतके नटलेले आहेत की संगीताला श्वास घ्यायला जागा उरत नाही. पण चाचपडणं तरी खरं आहे.

मग १९७२ मध्ये फ्रिपनं सगळी माणसं बदलली. बिल ब्रूफर्ड तेव्हा 'येस' या बँडचा ड्रमर होता आणि 'येस' यशाच्या ऐन भरात होता. ते सोडून तो इकडे आला. सोबत वेटन, व्हायोलिनवर डेव्हिड क्रॉस आणि जेमी म्यूर नावाचा एक विलक्षण तालवादक. म्यूरकडे साखळ्या होत्या, पत्रे होते, थाळ्या होत्या, हाताला लागेल त्यातून तो नाद काढायचा. काही महिन्यांत तोही निघून गेला, स्कॉटलंडमधल्या बौद्ध मठात. पण ब्रूफर्ड नंतर सांगत राहिला की संगीत आपल्यासाठी नसतं, आपण संगीतासाठी असतो, हे आपल्याला म्यूरनं शिकवलं.

हे वाक्य भिंतीवर लावण्यापुरतं नव्हतं, याचा पुरावा टेपवर आहे. २३ नोव्हेंबर १९७३ ला ॲम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाउ सभागृहात मैफलीच्या मध्ये एक तुकडा जागेवर सुचत गेला. व्हायोलिन, बास आणि मेलोट्रॉन, अगदी हलके. ब्रूफर्ड ड्रमच्या काठ्या छातीवर आडव्या धरून बसून राहिला. एकदाही वाजवलं नाही. त्याला वाटलं, इथे माझी गरज नाही. हा तुकडा 'ट्रायो' या नावानं १९७४ च्या अल्बमवर आला, तेव्हा बाकीच्या तिघांच्या बरोबरीनं ब्रूफर्डलाही रचनेचं श्रेय दिलं गेलं, न वाजवल्याबद्दल. मी तो तुकडा शेकडो वेळा ऐकला असेन. साडेपाच मिनिटं मी त्या न वाजलेल्या ड्रमकडेच कान लावून असतो. हजारो माणसं समोर बसलेली असताना, हातात काठ्या असताना, गप्प राहायला काय लागत असेल! प्रेक्षकांपैकी एकानंही याची फर्माईश केली नसती, कारण अशा गोष्टीची फर्माईश करताच येत नाही. ती घडेपर्यंत कोणालाच माहीत नसते.

माझ्या म्हणण्याचा गाभा इथेच आहे. आपण मागतो ते आपल्याला आधीच माहीत असलेलं असतं. श्रोता म्हणून ती आपली मर्यादा आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण कलावंतानं ती मर्यादा आपली म्हणून स्वीकारली, तर त्याच्याकडे जाण्याचं कारणच संपतं.

'स्टारलेस'चीच गोष्ट घ्या. वेटननं ते गाणं आणलं तेव्हा बँडमध्ये कोणी फारसं उत्साही नव्हतं आणि ते बाजूला पडलं. पुढे फ्रिपनं त्याला सुरुवातीची धून दिली, ब्रूफर्डनं मधल्या भागासाठी तेरा मात्रांचा बास दिला, आणि मैफलींमध्ये वाजत वाजत ते उभं राहिलं. तो मधला भाग माझ्या लेखी रॉक संगीतातली सगळ्यात धीराची जागा आहे. बास तेरा मात्रांचं आवर्तन घेऊन फिरत राहतो. त्यावर फ्रिप एकच सूर धरतो, दोन तारांवर आलटून-पालटून तोच सूर, आवर्तनामागून आवर्तन. मग तो सूर किंचित वर सरकतो. पुन्हा तेच. खालून लाकडी ठोकळ्यांचे तुरळक आवाज येतात, ड्रम हळूहळू भरत जातात. चारेक मिनिटं ही चढण चालते आणि आपण खुर्चीत पुढे सरकत जातो. ज्याला शेकड्यानं सूर वाजवता येतात त्यानं एकच वाजवायचं ठरवलंय. वरच्या टोकाला सगळं एकदम उसळतं, सॅक्सोफोन येतो, आणि शेवटी तीच पहिली उदास धून परत येते. पण आता ती तशी वाटत नाही. मधली चढण चढून आल्यामुळे ती वेगळी झालेली असते.

१ जुलै १९७४ ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये या मंडळींची शेवटची मैफल झाली. 'रेड'चं ध्वनिमुद्रण त्यानंतरचं. याच अल्बमवर ब्रूफर्डनं कचऱ्यात सापडलेली एक वाकलेली झांज वाजवली आहे, तिचा तो पत्र्यासारखा आवाज 'वन मोअर रेड नाइटमेअर'मध्ये लगेच ओळखू येतो. अल्बम दुकानात यायच्या आधीच, सप्टेंबरात, फ्रिपनं बँड संपल्याचं जाहीर केलं. आणि 'स्टारलेस' चाळीस वर्षं कुठल्याही मंचावर किंग क्रिम्झनच्या नावानं वाजलं नाही.

१९८१ मध्ये बँड परत आला, तेव्हा आवाजच दुसरा होता. सोबत ब्रूफर्ड, आणि गायक-गिटारवादक एड्रियन बेल्यू व बासवादक टोनी लेव्हिन हे दोन अमेरिकन. मेलोट्रॉन नाही, व्हायोलिन नाही, भव्यता नाही. फ्रिपनं ब्रूफर्डला झांजासुद्धा शक्यतो टाळायला सांगितल्या. 'फ्रेम बाय फ्रेम' ऐका. दोन गिटार एकत्र निघतात, एक चौदा सुरांची फिरत घेते, दुसरी तेरा. प्रत्येक फेरीत दोघींमधलं अंतर एका सुरानं वाढतं, कानाला आधी भोवळ येते, आणि मग दोघी पुन्हा एका जागी येऊन भेटतात. ज्याला समेवर यायची ओढ कळते त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. या चौघांनी तीन वर्षांत जुन्यातले दोनच तुकडे वाजवले, तेही दोन्ही फक्त वाद्यांचे. जुनं एकही गायलेलं गाणं नाही. त्या काळात तिकीट काढून गेलेल्या कितीतरी जणांना पहिल्या अल्बममधलं 'एपिटाफ' ऐकायचं असणार. त्यांच्या जागी मी असतो तर मीही वैतागलो असतो. पण त्यांना 'एपिटाफ' दिलं असतं, तर मला 'डिसिप्लिन' हा १९८१ चा अल्बम मिळाला नसता.

माझा सीनियर, ज्यानं ती कॅसेट भरून दिली, याबाबतीत माझ्याशी अजिबात सहमत नाही. गेली कित्येक वर्षं आमचा हा वाद चालू आहे. त्याचं म्हणणं साधं आहे आणि मी ते हलक्यात घेत नाही. "अरे, माणूस महिन्याचा पगार साठवून तिकीट काढतो. त्याला तुझे प्रयोग कशाला? त्याला त्याचं गाणं द्या." पैशाचा मुद्दा खरा आहे. पण तिकीट कशाचं असतं? रेकॉर्डचे पैसे आपण आधीच दिलेले असतात, आणि रेकॉर्ड घरी आहे. ती कोणी काढून नेत नाही. तिकीट त्या रात्रीचं असतं, त्या रात्री त्या माणसांना काय सुचतं त्याचं.

आणि जसंच्या तसंच हवं असेल, तर ती सोय आहे. कॅनडातल्या क्युबेकमधला 'द म्युझिकल बॉक्स' हा चमू १९९३ पासून 'जेनेसिस' या इंग्लिश रॉक बँडचे सत्तरीच्या दशकातले कार्यक्रम जसेच्या तसे उभे करतो, त्याच काळची वाद्यं, तेच वेश, पडद्यावरची चित्रंही तीच. ते फार मेहनतीनं हे करतात आणि ते कुठलीही बतावणी करत नाहीत. लंडनमध्ये तर मे २०२२ पासून 'आबा' या स्वीडिश पॉप गटाचा कार्यक्रम चालतो, त्यात चौघं मंचावर नसतातच. त्यांच्या तरुणपणीच्या संगणकीय आकृती गातात, शेजारी वादक मात्र खरे. लोक आनंदानं जातात, रडून येतात. मला त्यात वाईट काही दिसत नाही. मात्र 'रेकॉर्डसारखंच' हा आग्रह शेवटपर्यंत नेला की तो इथे पोचतो, जिथे गाणाऱ्या माणसानं यायची गरजच उरत नाही. माणूस आला तर तो म्हातारा झालेला असतो, त्याचा आवाज उतरलेला असतो, त्याचं मत बदललेलं असतं. आग्रहाला हे सगळे दोष वाटतात. मला त्याच्यासाठीच जावंसं वाटतं.

सीनियरचा दुसरा मुद्दा जास्त टोकदार आहे. "मग २०१४ नंतर तुझ्या फ्रिपनं काय केलं? जुनीच गाणी ना?" बरोबर आहे. २०१४ ते २०२१ या सात वर्षांत किंग क्रिम्झननं बहुतेक जुनंच वाजवलं, १९६९ पासूनचं. 'स्टारलेस'सुद्धा. वरवर पाहता फर्माइशीपुढे शरणागती वाटावी अशीच ती यादी होती. पण मंचावर नजर टाका. सगळ्यात पुढे, जिथे गायकानं उभं राहायचं तिथे, तीन ड्रमर. बाकीचे मागच्या चौथऱ्यावर. फ्रिप एका कडेला, नेहमीसारखा बसून. तीन ड्रमर एकच ठेका तिप्पट जोरात वाजवत नव्हते. त्यांच्यातल्याच गॅव्हिन हॅरिसननं बांधलेल्या मांडणीत एकाच आवर्तनाचे तुकडे तिघांत वाटले जायचे, एकाच्या हातून सुटलेली मात्रा दुसरा उचलायचा. रोज यादी वेगळी. या संगीताकडे, ते कधीही लिहिलेलं असो, नवं म्हणून पाहायचं, अशी फ्रिपची भूमिका होती. मला ती वादापुरती पळवाट वाटत नाही, कारण कान तेच सांगतात. एखादी बंदिश दीडशे वर्षांची आहे म्हणून आपण गायकाला जुनं गातोस असं म्हणत नाही. ती आज कशी उलगडली ते विचारतो.

चाळीस वर्षं न वाजवल्यामुळेच हे जमलं, असं मला वाटतं. 'स्टारलेस' दर उन्हाळ्यात वाजत राहिलं असतं, तर २०१४ मध्ये त्याच्यात उघडण्यासारखं काही उरलं नसतं. नकार देऊन त्यांनी ते गाणं जपलं.

या बँडबद्दल मला तक्रारी आहेत आणि त्या लपवायच्या नाहीत. बेल्यूनं जवळजवळ तीस वर्षं या नावाखाली गायलं, आणि २०१३ मध्ये नवी जुळवाजुळव झाली तेव्हा त्याला बोलावलं नाही. संगीताच्या दृष्टीनं निर्णय पटतो, माणूस म्हणून आजही टोचतो. २००० सालचा अल्बम मला थंड वाटतो, हिशेब अचूक आणि आत कोणी नाही. आणि २०१९ पर्यंत त्यांनी आपलं संगीत स्ट्रीमिंगवर येऊ दिलं नाही. हक्क कलावंताकडेच राहावेत म्हणून फ्रिपनं १९९२ मध्ये भागीदारासोबत स्वतःची कंपनी काढली, जुन्या व्यवस्थापनाशी अनेक वर्षं लढा दिला. त्यामागचं तत्त्व मला शंभर टक्के मान्य आहे. पण महागड्या आयात सीडी ज्यांना परवडत नव्हत्या अशा आमच्यासारख्या गावोगावच्या श्रोत्यांना त्या तत्त्वाची किंमत मोजावी लागली. आपल्याकडे हा बँड जो काही पसरला तो भरून घेतलेल्या कॅसेटींवर, म्हणजे फ्रिपला मुळीच मान्य नसलेल्या मार्गानं. त्या कॅसेटीबद्दल मी कृतज्ञ आहे, आणि पुढे एकेक सीडी विकत घेतली तेव्हा देणं फेडल्यासारखं वाटलं.

फोटोबंदीबद्दल मात्र मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. मैफल चालू असताना फोटो नाही, चित्रण नाही. शेवटी लेव्हिन स्वतःचा कॅमेरा उचलायचा, तेव्हा समोरच्यांनीही काढायचे. कितीजणांना हा उद्धटपणा वाटला. पण जी गोष्ट फक्त त्या रात्रीची आहे, तिच्याकडे हातातल्या पडद्यातून पाहणं म्हणजे ती घडत असतानाच तिची रेकॉर्ड करून टाकणं. पुन्हा तीच फर्माईश, फक्त आधीच दिलेली.

८ डिसेंबर २०२१ ला तोक्योच्या ऑर्चर्ड हॉलमध्ये शेवटची मैफल झाली. शेवटचं गाणं 'स्टारलेस'. या दौऱ्यांमध्ये मंचावरचा प्रकाश जवळपास बदलत नसे. फक्त या गाण्याच्या त्या तेरा मात्रांच्या चढणीत तो हळूहळू लाल होत जायचा.

मी त्यांना प्रत्यक्ष कधी ऐकलं नाही. माझ्याकडे आहे ते २०१५ मधलं जपानातल्या ताकामात्सुचं ध्वनिमुद्रण. श्रोत्यांचा आवाज त्यातून काढून टाकलाय, अगदी १९७४ मध्ये 'ट्रायो'च्या अल्बमवर केलं होतं तसाच. मागच्या वर्षी ते घेऊन मी सीनियरच्या घरी कोथरूडला गेलो. वहिनींनी चहा ठेवला आणि आम्ही 'स्टारलेस' लावलं. जॅको जॅक्सिक गायला लागला. त्यानं लहानपणी या बँडला प्रत्यक्ष ऐकलं होतं आणि पन्नाशी ओलांडल्यावर तो त्याचा गायक झाला. त्याचा आवाज वेटनपेक्षा पातळ आहे, त्यात वेटनचं ते छातीतून आलेलं दुःख नाही. सीनियरनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही, कारण तिथे त्याचंच बरोबर होतं.

मग मधला भाग सुरू झाला. सत्तरीला टेकलेला फ्रिप तोच एक सूर दोन तारांवर वाजवत होता, आणि खाली तिघे ड्रमर आवर्तनं एकमेकांकडे देत होते. १९७४ मध्ये तिथे जागा मोकळी होती. आता ती मोकळीच होती, पण तिला तीन कोपरे होते. पाच-सहा आवर्तनं झाली असतील, तेव्हा माझ्या लक्षात आलं की सीनियर सोफ्याच्या हातावर बोटानं मात्रा मोजतोय. तेरा झाल्या की हात उचलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. चहा गार झाला.

संपल्यावर तो थोडा वेळ तसाच बसला. पटलं असं म्हणाला नाही. म्हणाला, "आता वेटनचं लाव."

तेही लावलं. पूर्ण ऐकलं.